अब्बांचे वेबिल

सातवीच्या गणितात बँक आणि सरळ व्याज यांवर एक धडा आहे. आमच्या उर्दू वर्गात व्याजाला सूद म्हणतात. दरवर्षी हा धडा सुरू झाला, फळ्यावर मुद्दल, दर आणि मुदत लिहिली, की मागच्या बाकावरून एखादा हात वर होतोच. "टीचर, सूद तो हराम है ना? फिर हम क्यों सीख रहे?"

माझे उत्तरही ठरलेले आहे. "बेटा, जो चीज लेनी नहीं, उसका भी हिसाब आना चाहिए."

हे उत्तर मला बी.एड्.च्या वर्गात मिळालेले नाही. ते आमच्या घरात मिळाले आणि त्याची किंमत अब्बांनी मोजली.

अब्बा एसटीत वाहक होते. एकतीस वर्षे त्यांनी खांद्यावर चामड्याची बॅग वागवली. ड्यूटी संपली की डेपोत बसून तिकिटांचे नंबर आणि रोकड ताडून बघायची, वेबिल पूर्ण करायचे, मगच घराकडे पाय वळायचे. पाच रुपये कमी भरले तर खिशातून घालायचे. पाच रुपये जास्त निघाले तर रात्रभर अस्वस्थ. "गाडीतली माणसं आणि बॅगेतले पैसे जुळले पाहिजेत," हे त्यांचे वाक्य ऐकतच आम्ही भावंडे मोठी झालो.

2011 साली ते निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटीतले चार लाख रुपये हाती उरले. बँकेत ठेवले तर सूद येणार, म्हणून ती वाट त्यांनी स्वतःच बंद केली. त्याच सुमारास ओळखीच्या एका गृहस्थांनी एका कंपनीचे नाव सुचवले. सूद नाही, हलाल मुनाफा, लाखामागे महिना अडीच हजार. अब्बांनी चारही लाख दिले. चौदा महिने दर महिन्याला दहा हजार रुपये वेळेवर आले. दर वेळी अब्बा हात उचलून त्या माणसांना दुआ द्यायचे. पंधराव्या महिन्यात निरोप आला की जरा अडचण आहे. त्यानंतर कार्यालयाचे शटर उघडलेच नाही.

एकतीस वर्षे पाच रुपयांचा हिशेब मागणाऱ्या माणसाने चार लाख देताना एक कागद मागितला नव्हता. मी तेव्हा बी.एड्. करत होते. टक्केवारी कशी शिकवावी याचे पाठ काढत होते. मीही विचारले नाही.

हे एकट्या आमच्या घरचे दुःख नाही. जून 2019 मध्ये बेंगळुरूची आयएमए ही कंपनी कोसळली आणि हलाल कमाईच्या आशेने पैसे ठेवलेली हजारो मुस्लिम कुटुंबे रस्त्यावर आली. ती बातमी आली त्या दिवशी अब्बांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले. काही बोलले नाहीत.

मला नोकरी लागली 2014 साली. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेली, त्यामुळे जुनी पेन्शन मला लागू नाही. म्हातारपणाची सोय स्वतःच बघायची. एका सहकारी सरांनी म्युच्युअल फंडाचे नाव काढले. आपल्याकडे शरियाच्या निकषांवर चालणारे टाटा एथिकल, टॉरस एथिकल असे फंड आहेत, हे तेव्हा कळले. पण दुधाने तोंड पोळलेले. मी ठरवले, आधी कागद वाचायचा.

फंडाला दर महिन्याला कोणत्या कंपनीत किती पैसे आहेत ते जाहीर करावे लागते आणि वर्षाला लेखापरीक्षण झालेला अहवाल द्यावा लागतो. तो कोणालाही वाचता येतो. पहिल्या वेळी मला त्यातले निम्मेही कळले नाही. तीन रात्री वही घेऊन बसले, तेव्हा दोन गोष्टी उलगडल्या.

पहिली गोष्ट चाळणीची. दारू, जुगार, व्याजी बँका हे धंदे आधीच बाहेर. उरलेल्या कंपनीचा ताळेबंद बघतात. बहरीनच्या आओफी या संस्थेच्या मानकात व्याजी कर्ज कंपनीच्या बाजारमूल्याच्या 30 टक्क्यांच्या आत हवे. एस अँड पीच्या शरिया निर्देशांकांत ही मर्यादा 33 टक्के आहे. यातली गंमत अशी की बाजार पडला तर बाजारमूल्य घटते आणि एक रुपयाही नवे कर्ज न काढता कंपनीचे प्रमाण वाढते. म्हणजे हलालचा शिक्का एकदा मारून संपत नाही. तो पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. आणि शिक्का असला तरी फंड चांगला चालेलच असे नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आपली माणसे पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर दुसराही सोडून देतात. अब्बांनी तेच केले होते.

दुसरी गोष्ट उत्पन्नाची. समजा एका युनिटची किंमत 40 रुपये आहे आणि फंडाने "40 टक्के लाभांश" जाहीर केला. ऐकायला केवढे वाटते! पण ही टक्केवारी 10 रुपयांच्या दर्शनी किमतीवर असते. हातात येतात 4 रुपये, म्हणजे खऱ्या किमतीवर 10 टक्के. शिवाय ते 4 रुपये दिले की युनिटची किंमत 36 वर येते.

आता हे पैसे आले कुठून, ते नफा-तोटा पत्रकात दिसते. समजा फंड 100 कोटींचा आहे. कंपन्यांकडून वर्षभरात लाभांश आला 1 कोटी 20 लाख. व्यवस्थापनाचा आणि इतर खर्च 2 कोटी. म्हणजे आलेल्या लाभांशातून खर्चही भागत नाही. मग वाटायला 10 कोटी कुठले? शेअर विकून झालेल्या नफ्यातले, म्हणजे युनिटधारकांच्याच मालमत्तेतले. म्हणूनच सेबीने एप्रिल 2021 पासून फंडांना 'लाभांश' हा शब्दच सोडायला लावला. आता त्या पर्यायाच्या नावातच भांडवल काढून घेतल्याचा उल्लेख असतो.

2017 साली मी महिना हजार रुपये सुरू केले, लाभांशाचा पर्याय न घेता. अब्बांना सांगितले नाही. 23 मार्च 2020 ला निफ्टी एका दिवसात सुमारे 13 टक्के पडला. माझे पैसेही घटले. त्याच रमजानमध्ये, लॉकडाऊनमुळे सगळे घरीच असताना, अब्बांच्या हाती माझी वही आणि छापून ठेवलेला अहवाल लागला.

मला वाटले, आता ते रागावतील. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "समझा मेरे को."

मी 40 चे 36 कसे होतात ते सांगितले. त्यांनी बोट तिथेच ठेवले. "मतलब टिकट के पैसे वापस देके उसको कमाई बोलते?"

"कमाई भी रहती, अब्बा. पर कितनी, वो इस कागज में देखना पड़ता. और जितना दिया, उतना यहाँ कम हुआ, वो भी लिखते."

ते बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "वो चौदा महीने... मेरेच पैसे मेरे को लौटा रहे थे. और मैं दुआ दे रहा था."

नऊ वर्षांत त्या पैशांबद्दल ते पहिल्यांदा बोलले होते. अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि काही न बोलता त्यांच्याजवळ बसल्या.

माझे पैसे पुढे सावरले. उद्या पुन्हा घटू शकतात, तेही मला माहीत आहे. कोणी पैसे कुठे ठेवावेत हे सांगण्याचा माझा अधिकार नाही, आणि हलाल-हरामचा निर्णय आलिमांना विचारावा. पण कागद मागण्याला मजहबची मनाई नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, हा तर कुरआनचाच हुकूम आहे.

अब्बांनी फंडात एक पैसाही टाकलेला नाही. मात्र दरवर्षी नवा अहवाल आला की ते विचारतात, "इस साल का वेबिल आया क्या?" मग भिंग घेऊन बसतात आणि खर्चाच्या रकान्यापासून वाचायला सुरुवात करतात.