९७ नंबरचा खेळाडू

भाच्याला लिव्हरपूलची लाल जर्सी हवी होती. दुकानात उभं राहून मी तिचे पुढून-मागून फोटो काढले आणि पाठवून दिले. कोल्हापुरातून लगेच मेसेज आला, "मामा, मागं कॉलरखाली ९७ लिवलंय, तो कुठला प्लेअर ओ? मला अकरा नंबरची पायजे."

तो खेळाडू नाही. दोन छोट्या ज्योतींच्या मध्ये कोरलेला तो आकडा माणसांचा आहे. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपची सेमीफायनल बघायला गेलेले ९७ लोक चेंगराचेंगरीत गेले. त्यातले शेवटचे गृहस्थ कायमचं अपंगत्व घेऊन ३२ वर्षं जगले आणि २०२१ मध्ये वारले. तोवर जर्सीवर ९६ असायचं. एवढं मी त्याला लिहिलं. त्यावर त्यानं विचारलं, "मारामारी झालती काय?"

मी राहतो त्या लिव्हरपूल शहरात हा प्रश्न मोठ्यानं विचारायचा नसतो. पण पोराची चूक नाही. चारच दिवसांपूर्वी त्यानं मला शाहू स्टेडियमवरचा व्हिडिओ पाठवला होता. आधी शिव्या, मग बाटल्या, मग दगड. त्याखाली त्याची ओळ: "तुमच्याकडं असलं काय नसंल." फुटबॉलची मॅच आणि माणसं मेली म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर दुसरं काय येणार?

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा असतो. ज्या तालमींत पैलवान घडले, त्यांच्याच नावानं संघ मैदानात उतरतात. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा. पेठेचा संघ हरला की घरात त्या रात्री कुणाला जेवण जात नाही. आमची वर्तमानपत्रं याला 'ईर्षा' म्हणतात आणि कोल्हापुरात हा शब्द कौतुकाचा आहे. ईर्षेनं खेळले म्हणजे जीव तोडून खेळले. हीच ईर्षा मैदानातून गॅलरीत चढली की तिची हुल्लडबाजी होते, आणि दुसऱ्या दिवशी बंदोबस्त वाढवल्याची बातमी येते. व्हिडिओतल्या दोन पेठा कोणत्या ते लिहीत नाही. कोल्हापूरकरांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

तर, आमच्या लिव्हरपूलमध्ये असलं काही नसतं का?

मी शहराच्या वॉल्टन भागात राहतो. स्टॅनली पार्कच्या एका अंगाला लिव्हरपूलचं अ‍ॅनफील्ड, दुसऱ्या अंगाला एव्हर्टनचं गुडिसन पार्क, मध्ये मैलभरही अंतर नाही. गंमत म्हणजे अ‍ॅनफील्डवर आधी एव्हर्टनच खेळायचं. १८९२ मध्ये भाड्यावरून मालकाशी वाजलं, एव्हर्टन पार्क ओलांडून गेलं, आणि रिकाम्या मैदानाचं करायचं काय म्हणून मालकानं नवा क्लब काढला, तो लिव्हरपूल. म्हणजे भाडेकरू आणि घरमालकाचं भांडण, तेही सव्वाशे वर्षांहून जुनं. आता ऑगस्ट २०२५ पासून एव्हर्टनचा पुरुषांचा संघ नदीकाठी ब्रॅमली-मूर डॉकवर गेला. गुडिसनवर महिलांच्या मॅचेस होतात, त्या बाजूला गाडी लावायला जागाही मिळते.

मॅचच्या दिवशी माझ्या गल्लीत भाजलेल्या कांद्याचा वास, घोड्यावरचे पोलीस आणि मागच्या बोळात लघवी करणारे बाप्ये, हे तिन्ही ठरलेलं. टीव्हीवर बोळ दिसत नाही. इंग्लंडमध्ये १९८५ पासून मैदान दिसेल अशा जागी बसून दारू प्यायला बंदी आहे, म्हणून मंडळी आत जायच्या आधीच कोटा पुरा करून घेतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, पण सगळे नाही. लिव्हरपूलचे काही पाठीराखे मँचेस्टर युनायटेडच्या लोकांना म्युनिकच्या विमान अपघातावरून डिवचणारी गाणी म्हणतात. १९५८ च्या त्या अपघातात २३ जण गेले, त्यात ८ खेळाडू. युनायटेडवाले उलट हिल्सबरोवरून म्हणतात. दुसऱ्याच्या मेलेल्या माणसांवर सुरात, टाळ्या वाजवत गायचं! सरकारी वकिलांना २०२३ मध्ये लिहून काढावं लागलं की असं गाणं हा गुन्हा ठरू शकतो. कोर्ट अशा माणसाला काही वर्षं मैदानात यायला बंदी घालतं, संघ परदेशात खेळायला गेला की पासपोर्टसुद्धा जमा करायला लावतं. कायदा बरा आहे. पण गाणी थांबलेली नाहीत.

एकदा लंडनहून रात्रीच्या गाडीनं परत येत होतो. डब्यात एका क्लबचे आठ-दहा जण होते, संघ हरलेला. त्यांनी माझ्याकडे बघून जे गाणं सुरू केलं त्यात फुटबॉलचा संबंध नव्हता, माझ्या कातडीचा होता. माझ्यासमोर बसलेल्या बाईंनी पुस्तकातून मान वर केली नाही. मीही मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि बंद पडलेल्या स्क्रीनकडे दीड तास बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी कामावर सांगितलं तेव्हा सगळे मनापासून हळहळले. एकजण म्हणाला, "ते खरे फॅन नव्हेतच."

हे वाक्य मला तेव्हा दिलासा वाटलं. आता राग येतो. ते खरेच फॅन होते. त्यांना क्लबची सगळी गाणी येत होती, १९७० च्या दशकातल्या खेळाडूंची नावं पाठ होती, हरलेली मॅच बघायला ते दोनशे मैलांवर गेले होते. पैसा, वेळ, घसा, सगळं त्या क्लबला वाहिलेलं. आणखी खरं काय असतं? वाईट वागला की 'तो आमचा नव्हेच' म्हणायचं, एवढी सोय असली तर कुठल्याच पेठेत कधी कुणी दगड मारलेला नसेल.

या शहरानंही ती सोय वापरून बघितली आहे. २९ मे १९८५, ब्रसेल्सचं हेझेल स्टेडियम, युरोपियन कपची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध युव्हेंटस. मॅच सुरू व्हायच्या तासभर आधी लिव्हरपूलच्या समर्थकांचा जमाव शेजारच्या भागातल्या लोकांवर धावून गेला. तिथले प्रेक्षक बहुतेक इटालियन. ते मागे सरकत गेले, भिंतीशी कोंडले, भिंत पडली. ३९ माणसं मेली. स्टेडियम जीर्ण होतं, बंदोबस्त हास्यास्पद होता, बेल्जियमच्या अधिकाऱ्यांनाही पुढे शिक्षा झाली, हे सगळं खरं. पण धावून गेले ते इथलेच. त्यानंतर बाहेरचे लोक घुसले होते, नॅशनल फ्रंट या कडव्या उजव्या पक्षाचे होते, अशी कुजबुज झाली. क्लबच्या तेव्हाच्या अध्यक्षांनीही तसंच बोट दाखवलं. बेल्जियमच्या कोर्टानं एप्रिल १९८९ मध्ये मनुष्यवधासाठी दोषी ठरवले ते १४ जण लिव्हरपूलचे समर्थक होते.

एप्रिल १९८९. म्हणजे हिल्सबरोचाच महिना.

हेझेलबद्दल मला पहिल्यांदा सांगितलं ते शेजारच्या आजोबांनी. ते एव्हर्टनचे, पंचाहत्तरी ओलांडलेले, दारात निळ्या रंगाची कुंडी. त्यांचा हिशेब सरळ होता. १९८५ मध्ये लीग एव्हर्टननं जिंकली. शिवाय हेझेलच्या दोनच आठवडे आधी रॉटरडॅमला कप विनर्स कपही. पुढच्या वर्षी युरोपियन कप खेळायचा होता, आणि तो संघ तो जिंकू शकला असता असं आजोबांना आजही वाटतं. पण हेझेलनंतर इंग्लंडच्या सगळ्याच क्लबांना युरोपातून बाहेर काढलं, पाच वर्षं. लिव्हरपूलला आणखी एक. "गुन्हा त्यांचा, शिक्षा आम्हाला," आजोबा म्हणाले. डर्बीत, म्हणजे या दोन क्लबांच्या मॅचमध्ये, एव्हर्टनचे काही लोक अजून लिव्हरपूलवाल्यांना खुनी म्हणून ओरडतात, त्यामागे ३९ मेलेल्यांचं दुःख किती आणि हुकलेला कप किती, हे त्यांनी मला मोजून सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मग हिल्सबरो झालं. पोलिसांनी बाहेरची गर्दी हलकी करायला फाटक उघडलं, लोक बोगद्यातून आधीच भरलेल्या जाळीच्या पिंजऱ्यांत गेले, आणि ३ वाजून ६ मिनिटांनी मॅच थांबवली तेव्हा माणसं उभ्या उभ्या गुदमरत होती. समर्थकांनी फाटक जबरदस्तीनं उघडलं, असं बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकनफील्ड यांनी त्याच दुपारी सांगितलं. ते खोटं होतं आणि तशी कबुली त्यांनी दिली २०१५ मध्ये. चार दिवसांनी 'द सन' या वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर छापलं की दारुड्या समर्थकांनी मेलेल्यांचे खिसे कापले. लोकांनी पटकन विश्वास ठेवला, कारण चार वर्षांपूर्वीचं हेझेल सगळ्यांना आठवत होतं. पोलिसांचे १६४ जबाब नंतर बदलले गेले होते, हे बाहेर यायला २०१२ उजाडलं. समर्थकांचा दोष नव्हता आणि ती माणसं बेकायदा मारली गेली, असं ज्यूरीनं सांगितलं २०१६ मध्ये. २७ वर्षं. 'द सन' माझ्या कोपऱ्यावरच्या दुकानात आजही मिळत नाही.

या २७ वर्षांचं कौतुक जगभर होतं आणि व्हायलाच हवं. आयांनी, बापांनी, बहिणींनी सरकारं बदलली तरी चिकाटी सोडली नाही. मला मात्र आजोबांनी सांगितलेली दुसरी गोष्ट जास्त आठवते. त्या आठवड्यात गुडिसनपासून अ‍ॅनफील्डपर्यंत पार्कातून स्कार्फची साखळी बांधली गेली. लाल, निळा, लाल, निळा. आजोबांनी रॉटरडॅमला गळ्यात घातलेला स्कार्फ त्यात बांधला. तो परत मिळाला नाही. "मागायला कुणाकडे जायचं?" म्हणाले.

मला वाटलं, हाच खरा समर्थक. तसं बोलूनही दाखवलं. आजोबांनी कप खाली ठेवला आणि फेब्रुवारी १९८८ ची हकीगत सांगितली. गुडिसनवर डर्बी. लिव्हरपूलचा काळा खेळाडू जॉन बार्न्स कडेनं पळत होता, आणि प्रेक्षकांतून त्याच्यावर केळं फेकलं. बार्न्सनं ते टाचेनं मागे उडवलं. तो फोटो जगप्रसिद्ध आहे, कधी ना कधी तुम्हीही पाहिला असेल. आजोबा त्या दिवशी गुडिसनवर होते.

"मी फेकलं नाही," ते म्हणाले. "पण मी हसलो."

एवढंच. माफी नाही, त्या काळी सगळेच तसे होते वगैरे सारवासारव नाही. त्या आगगाडीतली पुस्तकवाली बाई मला आठवली, आणि बंद मोबाइलकडे बघणारा मी.

लिव्हरपूलच्या बाजूनं हेझेलबद्दल असं बोलायला फार उशीर झाला, हे इथले लोकही मान्य करतात. हिल्सबरोची घोषणा, गाणी, भित्तिचित्रं गल्लोगल्ली. हेझेल बरीच वर्षं घरातल्या त्या चुलत्यासारखं, ज्याचं नाव जेवताना कुणी काढत नाही. २००५ मध्ये, हेझेलनंतर पहिल्यांदा, युव्हेंटस अ‍ॅनफील्डवर आलं तेव्हा तिथल्या कॉप नावाच्या स्टँडमधल्या हजारो लोकांनी रंगीत पुठ्ठे धरून मैत्री हा शब्द इटालियन भाषेत उभा केला, 'अमिचित्सिया'. युव्हेंटसच्या काहींनी टाळ्या वाजवल्या. बऱ्याच जणांनी पाठ फिरवली. वीस वर्षांनी आलेल्या शब्दाकडे पाठ फिरवायचा त्यांना पूर्ण हक्क होता, असं मला वाटतं. तरी शब्द उचलला ते बरंच केलं.

चांगलं वागण्याची उदाहरणं हवीत तर इथे खूप आहेत. २०१६ मध्ये तिकीट ७७ पौंडांवर न्यायचा बेत निघाला, तर ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठून चालते झाले. लिव्हरपूल तेव्हा २-० नं पुढे होतं. मॅच २-२ सुटली आणि मालकांनी चार दिवसांत माघार घेतली. मॅचच्या आधी गेटवर लाल आणि निळ्या दोन्ही क्लबांचे लोक मिळून गरिबांसाठी डबाबंद अन्न गोळा करतात, २०१५ पासून. मीही दोन डबे टाकतो. पण डबे टाकणं सोपं आहे. मी हसलो, हे म्हणणं नाही.

भाच्याला हे सगळं मेसेजवर लिहिणं शक्य नव्हतं, म्हणून रविवारी फोन केला. तिकडे रात्रीचे दहा वाजले होते. हिल्सबरो सांगितलं, हेझेल सांगितलं, केळ्याचं सांगितलं. पोरगं शांतपणे ऐकत होतं, म्हणजे बहुधा दुसऱ्या हातानं गेम खेळत होतं. शेवटी मी विचारलं, "शाहू स्टेडियमवर त्या दिवशी पहिला दगड कुणी मारला रे?"

"ते पलीकडच्या..." म्हणाला आणि थांबला. मागे ताईची भांडी आवरल्याचा आवाज येत होता.

"आपल्यातलाच एक होता, मामा. मी व्हिडिओ काढत होतो."

जर्सी मंगळवारी पोस्टात टाकली. मापाला मिडियम, पाठीवर अकरा नंबर. कॉलरखाली ९७ असतंच, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.