गरुड राखताना

आमच्या त्या खेळांत काहीच राखून ठेवता येत नसे. आज मोबाइलवरचा खेळ मध्येच सोडून उठलं, तरी दुसऱ्या दिवशी तो त्याच जागेवरून सुरू होतो. 1990 च्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेल्या आठ बिटांच्या व्हिडिओ गेमचं तसं नव्हतं. मूळ जपानी कॅसेटींपैकी काहींत एक चपटा सेल असायचा आणि त्याच्या जिवावर खेळाडूची मजल टिकून राहायची. आमच्यापर्यंत पोचलेल्या स्वस्त नकली कॅसेटींत तो सेल नसायचा. वीज गेली की जमवलेले गुण, पार केलेले टप्पे, उरलेल्या लाइफ, सगळं एका क्षणात पुसलं जायचं. वीज आली की पुन्हा पहिला टप्पा. आणि दाभोळात पावसाळ्यात वीज जायचीच.

वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथे उत्तरेच्या काठावर आमचं गाव. समोरच्या काठावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या सड्यावर एन्रॉनचा वीजप्रकल्प आला आणि आमच्या गावाचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून येऊ लागलं. 1993 साली करार झाला, 1995 साली मोडला, पुढच्या वर्षी नव्यानं जुळला. मे 1999 मध्ये 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि 2001 च्या मे अखेरीस बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतल्या मूळ कंपनीचं दिवाळं निघालं. आमच्या खेळाची वर्षं या करारमदारांच्या वर्षांना लागूनच गेली. खाडीपलीकडे काहीतरी प्रचंड उभं राहत होतं, आणि अलीकडे आम्ही भावंडं अंधारात टीव्हीसमोर बसून पंखा कधी फिरतो याची वाट पाहत होतो. पंखा फिरला की वीज आली.

आमच्याकडे व्हिडिओ गेम आला तो शेजारच्या चाचांमुळे. ते कुवेतला असायचे. दाभोळला आखाती मालाचं नवल नाही. बहमनी राजवटीत या बंदरात अरबस्तानातून घोडे उतरत. रशियाचा अफानासी निकितिन हिंदुस्थानातली भटकंती संपवून इथूनच परतीच्या गलबतात चढला. शाही मशिदीचा घुमट अजून या बंदराच्या जुन्या वैभवाची साक्ष देतो. चाचांच्या पेटीतून अत्तर, घोंगडी, टॉर्च आणि सुकामेवा निघायचा. एका वर्षी त्यांच्या मुलांसाठी काळ्या-लाल रंगाचा तो खेळ निघाला. पुढे त्यांचं सगळं कुटुंब तिकडे गेलं, तेव्हा चाचींनी तो आमच्या दादाच्या हातात दिला. "इथे पडून गंजेल, तुम्ही खेळा," म्हणाल्या.

गंजण्याची भीती खरीच होती. खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत कॅसेटच्या खालच्या पितळी पट्ट्या काळवंडायच्या आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या यायच्या. मग कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. फुंकरीनं काही होत नाही, तोंडातल्या वाफेनं उलट गंज वाढतो आणि काम होतं ते कॅसेट पुन्हा बसवल्यामुळे, हे मला फार पुढे कळलं. पण दादाच्या फुंकरीवर माझा पूर्ण विश्वास होता. माझ्या फुंकरीनं न लागलेली कॅसेट त्याच्या फुंकरीनं लागायची.

आम्ही सगळेच खेळ खेळलो: मारिओ, कॉन्ट्रा, बदकं. पण आमचा खेळ म्हणजे टँक. नामको या जपानी कंपनीनं 1985 साली काढलेला 'बॅटल सिटी'. पडद्याच्या तळाशी मधोमध विटांच्या छोट्याशा कोटात एक गरुड असतो. वरच्या तीन जागांतून शत्रूचे टँक उतरतात, प्रत्येक टप्प्याला वीस. पहिला खेळाडू पिवळा, दुसरा हिरवा. तुमच्या कितीही लाइफ शिल्लक असोत, गरुडाला एक गोळी लागली की खेळ खलास. म्हणून दोघांपैकी एकानं पुढे जायचं आणि एकानं मागे राहून गरुड राखायचा.

पुढे जायचा तो दादा. "तू गरुड राख गो," एवढंच म्हणायचा. तो डाव्या कडेनं वर सरकायचा. विटांची भिंत कधी पुरती फोडायचा नाही, एक टँक जाईल एवढीच वाट पाडायचा. मग वरच्या डाव्या कोपऱ्याशी जाऊन थांबायचा आणि शत्रू दिसताक्षणी टिपायचा. मी तळाशी. त्याच्या हातून निसटून खाली आलेले टँक माझे. जोडीदाराची गोळी आपल्याला लागली तर या खेळात मरण येत नाही, काही क्षण जागीच खिळून राहावं लागतं. भांडण झालं की मी मुद्दाम त्याला खिळवून ठेवायची. तोवर एखादा टँक गरुडापर्यंत यायचा आणि आम्ही दोघंही हरायचो.

या खेळात आणखी एक सोय होती. एकाच्या लाइफ संपल्या की बटण दाबून जोडीदाराच्या शिल्लक लाइफमधली एक घेता यायची. विचारावं लागत नसे, परवानगीची अटच नव्हती. माझ्या लाइफ नेहमी आधी संपायच्या. दादाकडे एकच उरली असली तरी तो म्हणायचा, "घे गो, माझी घे." मी ती घेत असे.

मुलींचं वय खेळातून फार लवकर मोजलं जातं. दहावीच्या आसपास आई स्वयंपाकघरातून हाक मारू लागली आणि ती हाक रोजची झाली. "मोठी झालीस आता." दादा माझ्याहून मोठा, पण त्याला ते वाक्य लागू नव्हतं. तो एक-दोनदा आईला म्हणालाही, "हा टप्पा होऊ दे तिचा." तेवढ्यापुरता तो टप्पा व्हायचा. पुढे तो बोर्डाची परीक्षा देऊन मुंबईला गेला, तिथून जहाजावर लागला. मी चिपळूणला कॉलेज केलं, तिथेच नोकरी, तिथेच संसार. खेळ माळ्यावर गेला. 2003 साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. गाडीसकट खाडी ओलांडून गुहागरकडे जाणं सोपं झालं, माझ्या माहेरी चार माणसं जास्त येऊ लागली. दादा मात्र वर्षातून एकदाच.

त्या यंत्राबरोबर एक बंदूकही होती. बदकांच्या खेळाची. दादाच्या एका सुट्टीत आम्ही ती नव्या सपाट टीव्हीला लावून पाहिली. बदकं उडत होती, चाप ओढला जात होता, नेम मात्र लागेना. आम्हाला वाटलं, बंदूक बिघडली. ती चांगली होती, टीव्ही बदलला होता. चाप ओढताक्षणी पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाशाचा डोळा तो चौकोन टिपतो. ही सगळी वेळेची गणितं जुन्या, मागे फुगीर असलेल्या टीव्हीच्या पडद्यावर रेघ कशी ओढली जाते त्यावर बांधलेली होती. नव्या पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटतं, आणि तेवढ्या उशिरात बदक निसटतं. आमचा जुना टीव्ही तोवर भंगारवाल्यानं नेला होता. यंत्र, बंदूक, कॅसेट, हात, सगळं जागेवर असूनही एक खेळ कायमचा गेला होता. दादा बंदूक उलटीपालटी करून बघत राहिला. "हिला समोर बघणारं कुणी उरलं नाही," म्हणाला.

पुढचं थोडक्यात सांगते. चाळिशीत दादाला रक्ताचा कर्करोग झाला. मुंबईत उपचार चालले. वहिनी, मी आणि आई आळीपाळीनं त्याच्याजवळ असायचो. दिवस लांब असायचे आणि बोलण्यासारखं लवकर संपायचं. एकदा मुंबईत रस्त्यावर मला हातात मावणारा एक खेळ विकायला दिसला. वीतभराचाही नाही, छोटासा पडदा, आत चारशे जुने खेळ, आणि तारेनं जोडायचा वेगळा दुसरा रिमोट. तो दुसरा रिमोट पाहिला आणि मी तो घेतला.

पडदा इतका लहान की दोघांची डोकी एकमेकांना लागायची. यादीत टँक होताच. इतक्या वर्षांनी हात बसतील का, असं वाटलं होतं. अंगठ्यांनी विचारलंच नाही, ते खेळू लागले. पण दादाचे हात मंदावले होते, सुया आणि औषधांनी बोटं सुजायची. दोन-तीन डाव झाल्यावर तो म्हणाला, "तू जा पुढे. मी गरुडाजवळ थांबतो."

कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. 'स्टारक्राफ्ट 2' हा वेगवान खेळ खेळणाऱ्या, 16 ते 44 वयाच्या 3,305 जणांचे डाव त्यांनी तपासले. डोळ्यांना दिसलेल्याला हातानं उत्तर देण्याचा वेग 24 व्या वर्षानंतर मंदावत जातो, असं त्यांना आढळलं. त्याच अभ्यासात असंही दिसतं की वयानं मोठे खेळाडू ही उणीव दुसऱ्या रीतीनं भरून काढत असावेत. ते खेळ साधा ठेवतात, गरजेपुरतंच करतात. मी हे वाचलं तेव्हा मला दादाचा पिवळा टँक आठवला. लहानपणी तो मागे थांबला असता तर कंटाळला असता. आता तो जागचा हलत नव्हता आणि एकही टँक गरुडापर्यंत पोचू देत नव्हता. कुठून येईल ते त्याला आधी कळत होतं. मी डाव्या कडेनं वर जात होते, एक टँक जाईल एवढीच वाट पाडत. त्याची वाट माझ्या हातात केव्हा उतरली, मला माहीत नाही.

माझ्या लाइफ तेव्हाही आधी संपायच्या. मी बटण दाबायची नाही. तो बघायचा आणि म्हणायचा, "घे की गो." मी घ्यायची. मला जे द्यायचं होतं ते त्या यंत्राच्या बाहेरचं होतं, आणि बाहेर तशी सोय नव्हती.

दादा गेला त्याला आता काही वर्षं झाली. हे खेळ ज्यांनी घडवले ती माणसंही जात आहेत. कॉन्ट्रातल्या तीस लाइफच्या गुप्त खुणेचा जनक काझुहिसा हाशिमोतो 2020 साली गेला. आधीचा 'ग्रॅडियस' हा खेळ तपासताना तो त्याला स्वतःलाच फार अवघड जात होता, म्हणून त्यानं ती खूण पहिल्यांदा त्यात घातली होती. आपल्याकडच्या सगळ्या नकली यंत्रांचं मूळ असलेला फॅमिकॉन 1983 साली ज्यानं रचला, तो मासायुकी उएमुरा 2021 च्या डिसेंबरात गेला. त्यांना दाभोळ ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण आमच्या ओटीवरच्या कितीतरी संध्याकाळी त्यांच्या हातच्या होत्या, आणि त्यांच्या जाण्याची बातमी मी घरच्या माणसाची वाचावी तशी वाचली.

मी आजही टँक खेळते. एकटीनं खेळायला बसलं की पुढे जाता येत नाही, कारण मागे गरुड उघडा पडतो. मागे राहिलं की शत्रू माजतो. एकट्या खेळाडूला सारखं वरखाली धावावं लागतं. हा खेळ एकट्यानंही खेळता येतो खरा, पण त्यातली दुसरी जागा कधी भरून निघत नाही. जोडीदार गेल्याची जाणीव मला फोटोपुढे बसून होत नाही इतकी इथे होते. फोटोतला दादा माझ्याकडून काही मागत नाही. खेळ मागतो, दर टप्प्याला मागतो.

सुट्टीत भाची येते. तिला तिच्या मोबाइलवरचे खेळ आवडतात, जग दाखवणारे, शंभर माणसांशी एकदम लढवणारे. तरी आत्यासाठी ती दुसरा रिमोट हातात घेते. एकदा तिनं विचारलं, "बाबा कसे खेळायचे?" वडिलांचा आवाज, चालणं, हसणं, याबद्दल विचारलं असतं तर मला शब्द शोधावे लागले असते. हे मला करून दाखवता आलं. डाव्या कडेनं वर, भिंत पुरती न फोडता, कोपऱ्याशी थांबून. तिनं दोन-तीनदा पाहिलं आणि तशीच गेली. मी मागे थांबले.

चाळिशी-पन्नाशीतल्या बाईनं व्हिडिओ गेम खेळणं आपल्याकडे अजून शोभत नाही असं मानतात. जपानच्या हमाको मोरी या आजींची वयाच्या 90 व्या वर्षी गिनेस विक्रमांत नोंद झाली, जगातल्या सर्वांत वयोवृद्ध गेमिंग यूट्यूबर म्हणून. पण मला विक्रमाचा आधार नको. आमच्यासारख्यांच्या आठवणी फक्त डोळ्यांत आणि कानांत नाहीत, अंगठ्यांतही आहेत, आणि त्या खेळल्याशिवाय जाग्या होत नाहीत. तुमच्या घरात एखादा काका, एखादी आत्या जुना खेळ घेऊन बसली, तर तिला नव्या खेळांची महती सांगू नका आणि तिचे गुणही मोजू नका. दुसरा रिमोट उचला आणि विचारा, मी पुढे जाऊ की मागे राहू. ती सांगेल. आणि तिच्या लाइफ आधी संपल्या, तर तुमची एक तिला घेऊ द्या.