मातीखालचं घर

आजोबांचं मुधोळचं घर आता ताईच्या आणि माझ्या वाट्याला आलंय. विकावं, पाडून नवं बांधावं की भाड्यानं द्यावं, यावर नांदेडला आमची बोलणी उन्हाळाभर चाललीत.

१ नोव्हेंबर १९५६ला नांदेड जिल्ह्याचा मुधोळ तालुका फुटला. धर्माबाद इकडे राहिलं. मुधोळ, भैंसा आदिलाबाद जिल्ह्यात, आंध्रात गेले. २०१४ला तेलंगण झालं, २०१६ला निर्मल जिल्हा. घराचे जुने कागद उर्दूत, नवे तेलुगूत. दोन्ही आम्ही दुसऱ्याकडून वाचून घेतो. शेजारच्या काकू मात्र कुलूप उघडल्याचा आवाज ऐकला की मराठीतच हाक मारतात, "आलाव का? जेवूनच जा."

गिऱ्हाईक आलं ते थेट तुळयांकडे बघत. आदिलाबादचं जुनं सागवान. त्यानं ठोकून पाहिलं, खांब मोजले. भिंतींना, ओसरीला मोल नाही. ओसरीतल्या एका खांबाखालच्या दगडी उथळ्याला विळे घासून घासून खळगा पडलाय. आजीनं आणि तिच्या सासूनं पाडलेला. तो माणूस त्यावर पाय देऊन उभा होता आणि मला त्याच्याशी पुढं बोलवेना.

पाडून स्लॅब टाकायचा, तर वैशाखात पंखाही गरम वारा फेकणार. आताच्या मातीच्या माळवदाखाली दुपारी नुसत्या फरशीवर झोप लागते. पण माळवदाला माणूस लागतं. दर वर्षी मृगाआधी वर पांढरी माती टाकायची, धुम्मसानं चोपायची, उगवलेलं गवत उपटायचं, पन्हाळी मोकळ्या करायच्या. हे चुकलं की पाणी मुरतं. ओसरीच्या कोपऱ्यात तुळईचं टोक मी बोटानं दाबलं, तर ओला भुसा हाताला लागला. इतकी वर्षं टिकलेलं लाकूड, कुलूप लावल्यावर तीन-चार पावसाळ्यांत असं झालं! वारसांनी घर "तसंच राहू द्या" म्हणणं म्हणजे ते पाडणंच आहे, फक्त सावकाश.

म्हणून मी भाड्याच्या बाजूचा. भाडं नाममात्र घ्यावं, त्या बदल्यात राहणाऱ्यानं दर वर्षी माती टाकावी. कुजलेली तुळई आपण बदलून द्यावी. ताईला हे पटलंय, पण ती म्हणते, बोली तोंडी नको. करार तेलुगूत लिहू, राहणाऱ्याला वाचता आला पाहिजे. आणि सुतार पावसाआधीच बोलाव.