आत्याच्या घड्याळाचा जन्मदाखला

माझ्या आत्याकडे एक फ्रेंच घड्याळ आहे. वीतभर उंच, पितळी चौकट, चारी बाजूंना काचा आणि वर उचलायला कडी. याला म्हणतात कॅरेज क्लॉक, म्हणजे घोडागाडीतून प्रवासाला न्यायचं घड्याळ. हलत्या गाडीत लंबक कसा चालणार? म्हणून यात स्प्रिंगवर मागेपुढे झुलणारं इवलंसं चाक असतं. पॅरिसच्या ब्रेगे या नामवंत घड्याळजीकडून नेपोलियनने १७९८ मध्ये, इजिप्तच्या मोहिमेवर निघण्याआधी, एक प्रवासी घड्याळ घेतलं होतं. ब्रेगेच्या वह्यांत विक्रीची नोंद असे, म्हणून आजही हे खात्रीने सांगता येतं.

आत्याच्या सासरी सगळे सांगत, "आमचं घड्याळही नेपोलियनच्या सरदाराचं बरं का!" नोंद मात्र कुठेच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी आतेभावाची कॉलेजची फी भरायची होती. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी म्हणाला, "नेपोलियनची गोष्ट खरी असेल, तर तिप्पट पैसे देतो." आत्याने आधी घड्याळ घड्याळजीकाकांना दाखवलं. मीही सोबत गेले होते.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं. तबकडीला केसाएवढी चीर गेलेली, पण काचा मूळच्या. वेग कमीजास्त करायच्या काट्याजवळ इंग्रजी 'एस' आणि 'एफ' ही अक्षरं होती; स्लो आणि फास्ट. फ्रेंच गिऱ्हाइकांच्या घड्याळांवर 'ए' आणि 'आर' असतं. म्हणजे हे इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी बनलेलं! शिवाय पॉल गार्निए या घड्याळजीने १८३० च्या सुमारास रचना सोपी केली, त्यानंतर अशी घड्याळं भराभर निघू लागली. नेपोलियन तर १८२१ मध्येच वारला होता.

आतेभावाचा चेहरा पडला. तेवढ्यात काकांनी आतली पट्टी दाखवली. तिच्यावर सुईने कोरलेल्या बारीक तारखा होत्या. दुरुस्ती करणारे कारागीर अशा खुणा ठेवतात. १९११, १९३४, १९५२. शेवटची खूण तर काकांच्या वडिलांच्या हातची!

"पॉलिश करून चकाचक करायचं का?" मी विचारलं.

"अजिबात नको. जुना मुलामा जाईल, खुणाही पुसल्या जातील. हेच याचे खरे कागदपत्र," काका म्हणाले.

आत्याने व्यापाऱ्याला सगळं सांगून टाकलं. त्याने भाव एकदम खाली आणला. आतेभाऊ कुरकुरला, "गप्प बसली असतीस तर?"

"तर कुणीतरी आपलं खोटं विकत घेतलं असतं," आत्या म्हणाली. फी पतपेढीच्या कर्जातून भरली. घड्याळ घरातच राहिलं.

आता त्याच्या नावाची एक वही आहे. कोणी किल्ली दिली, कधी तेल घातलं, सगळं तीत लिहितो. नेपोलियनची गोष्टही लिहिली आहे, पण शेजारी 'ऐकीव' असा शेरा मारून. दोस्तांनो, तुमच्या घरी जुना अडकित्ता असेल, पानाचा डबा असेल. आजी-आजोबांना विचारा आणि लिहून ठेवा. फक्त ऐकलेलं वेगळं, पाहिलेलं वेगळं!