माउंट मेग्जची शाळा

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, अटलांटाहून माँटगोमेरी शहराकडे जाणारा हमरस्ता टस्कीगीजवळून जातो. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली उभारलेल्या विद्यालयामुळे हे नाव आमच्या वाचकांस अपरिचित नसावे. आमचे धाकटे चिरंजीव अटलांटा येथे असतात. त्यांच्या मोटारीतून टस्कीगी पाहून आम्ही पुढे निघालो, तो माँटगोमेरीच्या अलीकडे दहाबारा मैलांवर माउंट मेग्ज हे गाव लागले. तेथील एका रस्त्याचे नाव 'इंडस्ट्रियल स्कूल रोड', म्हणजे उद्योगशाळेचा रस्ता, असे आहे. अपराधी ठरलेल्या मुलांची सरकारी संस्था तेथे आजही चालू आहे. परक्यास आत प्रवेश नसल्यामुळे ती आम्ही बाहेरूनच पाहिली. परंतु तिचा पूर्वेतिहास वाचकांस निवेदन करणे आम्हास अवश्य वाटते.

या संस्थेचा आरंभ अत्यंत शुभ हेतूने झाला होता. कॉर्नेलिया बोवेन ही टस्कीगीच्या १८८५ सालच्या पहिल्या तुकडीची विदुषी. लहानसहान अपराधांबद्दल कृष्णवर्णीय मुलांना प्रौढ गुन्हेगारांबरोबर तुरुंगात डांबीत, हे पाहून तिने व तिच्या भगिनीमंडळांनी वर्गणी जमविली आणि १९०७ च्या सुमारास येथे मुलांकरिता सुधारगृह काढले. १९११ साली ते सरकारच्या ताब्यात गेले. गोऱ्या मुलांच्या संस्था निराळ्या होत्या. ही केवळ कृष्णवर्णीयांची.

पुढे नाव शाळेचे राहिले आणि काम शेताचे होऊन बसले. मुलांनी उन्हात कापूस वेचावा, नेमलेले काम पुरे न झाल्यास काठीचे वा यंत्राच्या रबरी पट्ट्याचे फटके खावेत, असा क्रम पडला. वडील माणसांस उच्चारण्यासही संकोच वाटेल असे अत्याचार मुलामुलींवर झाले. प्रसिद्ध चेंडूफेकपटू सॅचेल पेज १९१८ ते १९२३ पर्यंत येथे होता आणि बेसबॉलमधील चेंडूफेक येथेच शिकला, ही गोष्टही नमूद केली पाहिजे. परंतु १९६० नंतरच्या दशकात, अवघ्या अकराव्या वर्षी, येथे आलेला लॉनी हॉली आज नामांकित शिल्पकार व गायक असूनही तेथील मार विसरू शकलेला नाही. २०२३ साली त्याने त्यावर गीतही रचले.

१९६८ साली पाच मुली तेथून पळाल्या आणि माँटगोमेरीच्या बालन्यायालयातील देखरेख अधिकारी डेनी ॲबट यांच्याकडे आल्या. हे गृहस्थ गोरे व सरकारी नोकर. त्यांनी मुलींचे म्हणणे ऐकून घेतले, ते खरे मानले, आणि स्वतःच्याच सरकारविरुद्ध दावा गुदरला. त्यामुळे संस्थेच्या कारभारात सुधारणा करणे सरकारास भाग पडले. ॲबट यांस मात्र पुढे आपली जागा गमवावी लागली.

संस्कृतात 'शिक्षा' म्हणजे विद्या देणे. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ दंड असा झाला आहे. आमचा सारा जन्म अध्यापनात गेला, म्हणून हा अर्थभेद आम्हास नेहमी खुपतो. माउंट मेग्ज येथे पहिला अर्थ लोपून केवळ दुसरा उरला. दुष्ट माणसे तर कोठेही असतात. परंतु जेथे मुलाचा शब्द ऐकणारे बाहेरचे कोणी नसते, तेथे ती निर्धास्त होतात. बोवेनबाईंचा हेतू निर्मळ होता, तरी त्या हेतूवर पहारा ठेवणारे कोणी उरले नाही, म्हणून हा अनर्थ घडला.

आपल्या घरची मुले वसतिगृहात, आश्रमात, नातलगांकडे शिक्षणासाठी राहतात. सुटीत ती घरी आली म्हणजे प्रगतिपुस्तक पाहण्यापूर्वी त्यांचे बोलणे स्वस्थपणे ऐकावे. आणि एखादे मूल परत जाण्यास रडू लागले, तर त्यास हट्टी ठरविण्याची घाई करू नये.