मंडईचा मनोरा आणि मालवणचं आकाश

लहानपणी आमच्या गच्चीवरून दिसणारी सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे १८८६ सालच्या मंडईचा मनोरा. उंचीची भीती तेव्हापासूनच!

डिसेंबरात आईला घेऊन मालवणला गेलो. पॅरासेलिंग बघून आईच म्हणाली, "आपण बसू." तीस वर्षं मंडईत भाजीचा गाळा सांभाळलेली बाई... नाही कसं म्हणणार? पट्टे आवळले, बोटीने वेग घेतला, दोर सुटत गेला आणि आम्ही दोघं वर. माझे डोळे घट्ट मिटलेले.

"अरे, बघ तरी!"

खाली महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग, अख्खा तट एका नजरेत. माझा हात धरलेला आईचा हातही थरथरत होता.

"तुलाही भीती वाटली?"

"मग! म्हणून काय गाळा बंद ठेवायचा?"