पाच सेंटांचे जेवण

न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण टोकास, अटलांटिक महासागराच्या काठी, कोनी आयलंड नावाचे स्थळ आहे. पूर्वी ते खरोखरीच बेट होते; पुढे मधल्या खाडीत भराव पडून ते जमिनीला जोडले गेले, नाव मात्र बेटाचेच राहिले. उन्हाळ्यात येथे सारे शहर लोटते. किनाऱ्यालगत लाकडी फळ्यांचा लांबच लांब रस्ता, उंच फिरते पाळणे, खारा वारा आणि त्या वाऱ्यात मिसळलेला भाजलेल्या मांसाचा खमंग वास! हा वास ‘हॉट डॉग’ या खाद्याचा होय.

नाव ऐकून वाचकांनी दचकू नये. मसाला घालून बारीक केलेले मांस नळीत भरावयाचे, ते शिजवून वा भाजून लांबट मऊ पावात ठेवावयाचे आणि वर मोहरीची चटणी घालावयाची, एवढाच हा प्रकार आहे. मूळचे हे सॉसेज युरोपातले. फ्रँकफुर्टवरून त्यास ‘फ्रँकफर्टर’ आणि व्हिएन्नावरून ‘वीनर’ म्हणू लागले. जर्मन लोकांनी ते अमेरिकेत नेले. जर्मनांच्या आखूड पायांच्या लांबट कुत्र्यासारखा त्याचा आकार, शिवाय स्वस्त मांसात काय भरले असेल हा मनातला संशय. यांतून थट्टेने हे नाव पडले असावे. १८९५ साली येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात ते छापलेले आढळते.

कोनी आयलंडवर हे खाद्य रूढ करण्याचा मान चार्ल्स फेल्टमन या जर्मन पाववाल्यास देतात. १८६७ च्या सुमारास तो हातगाडीवर पावात घालून सॉसेज विकू लागला. ताटवाटी नको, काटासुरी नको! पुढे त्याचे भव्य उपाहारगृह झाले. तेथेच पोलंडहून आलेला नेथन हँडवर्कर नावाचा ज्यू तरुण पाव कापण्याचे काम करी. १९१६ साली त्याने जवळच स्वतःचे छोटे दुकान थाटले आणि फेल्टमनच्या दहा सेंटांच्या हॉट डॉगची किंमत आपल्याकडे पाच सेंट ठेवली.

परंतु स्वस्ताई हीच त्याची अडचण ठरली. इतक्या थोड्या पैशांत चांगले मांस कसे मिळेल, अशी शंका लोकांस येई. तेव्हा नेथनने काही माणसांना डॉक्टरांसारखे पांढरे डगले घालून दुकानासमोर खावयास उभे केले, अशी हकीकत सांगतात. १९२० च्या सुमारास शहरातून थेट कोनी आयलंडपर्यंत पाच सेंटांत आगगाडीने येता येऊ लागले. पाच सेंटांत समुद्र आणि पाच सेंटांत पोटभर घास! गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबांना याहून मोठी चैन ती कोणती?

११ जून १९३९ रोजी, रविवारी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हाइड पार्क येथील वनभोजनात इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज व राणी एलिझाबेथ यांना हॉट डॉग वाढला. असले खाणे राजापुढे ठेवल्यास देशाची अब्रू जाईल, अशी चिंता अनेकांनी आधीच व्यक्त केली होती. राजांनी मात्र तो खाऊन आणखी मागितल्याचे वृत्त दुसऱ्या दिवशी छापून आले!

गावोगावी याचे रिवाज निराळे. न्यूयॉर्कमध्ये मोहरी, कांदा व आंबवलेली कोबी घालतात. शिकागोत खसखस लावलेल्या पावात टोमॅटो, लोणच्यातली काकडी आणि मिरच्याही येतात. टोमॅटोचे गोड केचप घालणे मात्र तेथे अरसिकपणाचे मानतात. नेथनचे दुकान त्याच कोपऱ्यावर आजही उभे आहे. दरवर्षी ४ जुलैस, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तेथे खाण्याची शर्यत लागते. २०२१ साली एका गड्याने दहा मिनिटांत ७६ हॉट डॉग फस्त केले. ज्या घासासाठी कामकरी माणूस पाच सेंट मोजून देई, त्याची ही गत पाहून कौतुक वाटावे की खंत, हे वाचकांनीच ठरवावे.

आपल्या गोव्याच्या चोरीस-पावाचे कूळ वेगळे, पोर्तुगिजांकडून आलेले. त्यास व्हिनेगर व लाल मिरचीचा झणका. तरीही पाव उघडून त्यात चोरीस भरणाऱ्या आपल्या माणसास कोनी आयलंडचा तो कोपरा फारसा परका वाटणार नाही. कष्टकऱ्याचा घास स्वस्त असावा, परंतु हलका नसावा, एवढीच दोन्हीकडची अपेक्षा आहे.